‘अर्थशास्त्र माझ्या डोक्यातच शिरत नाही’

पहिल्या सत्राची अंतर्गत परीक्षा झाली की महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात एक तक्रार हमखास ऐकू येते. प्रथम वर्ष कला शाखेत अर्थशास्त्र घेतलेली मुले-मुली येतात आणि जवळपास एकाच शब्दांत सांगतात की वर्गात सगळे कळते, वहीही पूर्ण आहे, पण प्रश्नपत्रिका हातात पडली की काही सुचत नाही. गणित कच्चे असल्यामुळे हा विषय आपल्याला झेपणार नाही, असेही ते म्हणतात. यातील बऱ्याच जणांनी पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या म्हणून हा विषय घेतलेला असतो. त्यामुळे ‘विषय बदलू का?’ असे विचारताना आपले पुढचे सगळेच बेत कोसळणार, ही धास्तीही त्यांच्या मनात असते. अशा विद्यार्थ्यांसाठी आमच्याकडे अर्थशास्त्राचा पूरक अभ्यासवर्ग चालतो. मुले त्याला ‘रेमेडियल’ म्हणतात आणि त्या वर्गाच्या यादीत नाव आले की आपण ढ ठरलो, असे धरून चालतात. ही चिंता इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. पुढे जिच्याविषयी लिहिले आहे, त्या विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतील बोलणे थोडक्यात दिले आहे.

ती निफाड तालुक्यातील कांदा पिकवणाऱ्या घरातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, कला शाखा, दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला. पूरक वर्गाला ती सुरुवातीला जाऊन आली आणि मग तिने जाणेच बंद केले, म्हणून प्राध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवले.

“मॅडम, मी त्या वर्गात बसून उपयोग नाही. सर तेच परत सांगतात. बाकीच्यांना कळतं, मला नाही कळत. माझं गणितच कच्चं आहे.”

“गणितातलं नेमकं काय येत नाही?”

“सगळंच.”

“शेकडेवारी?”

“ती येते.”

“दोन बिंदू दिले तर रेषा काढशील?”

“हो, दहावीला काढायचो की आम्ही.”

“मग ‘सगळंच’मध्ये आता काय उरलं?”

तिला उत्तर सुचले नाही, आणि मीही ते लगेच मागितले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर आहे. परीक्षेत कमी गुण मिळणे ही घटना असते आणि त्यावरून ‘मी ढ आहे’ असे ठरवणे हा आपण स्वतःविरुद्ध दिलेला निकाल असतो. माणूस खचतो तो बहुतेक वेळा स्वतःच दिलेल्या या निकालामुळे. मात्र ‘तू ढ नाहीस’ अशी समजूत घालून हा निकाल बदलत नाही, असा माझा अनुभव आहे. विद्यार्थ्याला विषयच समोर करायला लावावा आणि नेमक्या कोणत्या पायरीवर पाय अडतो ते दोघांनी मिळून पाहावे. म्हणूनच प्रथम वर्षाचे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक माझ्या टेबलावर कायम असते. माझे शिक्षण अर्थशास्त्रातले नाही, पण मागणीपासून लवचिकतेपर्यंतची (किंमत बदलली की मागणी किती बदलते, याची) प्रकरणे मी स्वतः सोडवून पाहिली आहेत आणि त्या श्रमांचा उपयोग वारंवार झाला आहे.

पुढच्या भेटीत तिला मागणी वक्र काढायला सांगितला. तो तिने नीटनेटका काढला आणि मी न विचारताच म्हणून दाखवले, “इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी कमी होते, म्हणून मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, त्याचा उतार ऋण असतो.” पाठांतरात एक शब्दही चुकला नव्हता. मग मी विचारले, “कांदा वीस रुपयांवरून चाळीसवर गेला. या आकृतीत तुझं बोट कुठून कुठे जाईल?” तिने आडव्या अक्षावर बोट ठेवले, ते तिथून उचलले, उभ्या अक्षाकडे नेले आणि हात मागे घेतला.

“आत्ता काय झालं?”

बराच वेळ ती बोलली नाही. अशा वेळी उत्तर पुरवण्याचा मोह आवरणे हाच समुपदेशनाचा मोठा भाग असतो.

“मॅडम, वेड्यासारखं वाटेल. किंमत बदलते म्हणून मागणी बदलते ना? मग आधी किंमत, नंतर मागणी. दहावीला बाईंनी शिकवलं होतं, आपण निवडतो तो क्ष आडव्या अक्षावर आणि त्यावरून येतो तो य उभ्या अक्षावर. इथे किंमत उभ्या अक्षावर आहे. मला दर वेळी वाटतं, मी आकृती उलटी वाचतेय.”

“हे सरांना विचारलंस?”

“नाही. इतकं साधं कुणाला अडत नाही.”

मला वाटते, तिच्या सगळ्या अडचणीचे मूळ याच वाक्यात होते. प्रश्न साधा नव्हता. तिच्या परवानगीने तो मी प्राध्यापकांकडे नेला आणि त्यांनी पूरक वर्गाचा पुढचा तास त्यालाच दिला. त्यांनी सांगितले की फ्रेंच विद्वान कूर्नो यांनी १८३८मध्ये मागणीची आकृती काढली, तेव्हा किंमत आडव्याच अक्षावर घेतली होती आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ लिऑन वालरास यांनीही तसेच केले. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या आपल्या ग्रंथात किंमत उभ्या अक्षावर ठेवली, कारण ते उलट दिशेने विचार करत होते: इतका माल बाजारात आहे, तर त्याला ग्राहक किती किंमत द्यायला तयार होतील? मार्शल यांची आकृती पाठ्यपुस्तकांत रूढ झाली, पण नियम मात्र आपण किंमतीकडून मागणीकडे वाचत राहिलो. ज्याला गणिताची पद्धत ठाऊक आहे, तोच इथे अडखळतो. हे ऐकल्यावर वर्गातल्या आणखी काहींनी कबूल केले की त्यांनाही हेच अडत होते.

गणित कच्चे म्हणून जी स्वतःला कोसत होती, तिला दहावीचे गणित पक्के लक्षात असल्यामुळेच अडत होते! या घटनेतून मला एक गोष्ट स्पष्ट झाली आणि तेव्हापासून तीच माझ्या कामाचा आधार आहे. न विचारलेला प्रश्न मनात नुसता पडून राहत नाही, तो स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून जमा होतो. ‘मला हे कळले नाही’ याचे ‘मला कळत नाही’ होते आणि काही आठवड्यांत त्याचे ‘मला कळणारच नाही’ होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे लवकर घडते, कारण तिथली प्रकरणे एकमेकांवर उभी असतात. अक्षांविषयीची शंका मनात राहिल्यामुळे तिला मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल यांतला फरक कधीच उमगला नव्हता. विचलनातील विस्तार-संकोच आणि बदलातील वृद्धी-ऱ्हास या जोड्या ती फक्त पाठ करत होती. तो तास झाल्यानंतरच्या भेटीत तिने आपणहून कागद ओढला आणि म्हणाली, “म्हणजे अक्षावर जे लिहिलंय ते बदललं, तर बोट त्याच रेषेवर फिरतं. आणि लोकांचं उत्पन्न, आवड, असं अक्षावर न लिहिलेलं काही बदललं, तर रेषाच सरकते.” पुस्तकातील दोन पानांचे मर्म तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. या क्षणासाठी वाट पाहणे मला नेहमीच सार्थ वाटते.

यानंतर ती प्रश्न विचारू लागली. पीक जोरात आले त्या वर्षी घरात पैसा कमी का येतो, हा तिचा लहानपणापासूनचा प्रश्न होता. सरांनी उदाहरणादाखल आकडे दिले: शंभर क्विंटल कांदा दोन हजार रुपये भावाने विकला तर दोन लाख येतात, सगळीकडेच पीक वाढले, आपला माल एकशे तीस क्विंटल झाला आणि भाव बाराशेवर उतरला, तर हाती एक लाख छप्पन्न हजारच पडतात. भाव उतरला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही. मागणी अलवचिक असते ती अशी. इंग्लंडमध्ये संख्याशास्त्रज्ञ ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखले जाणारे, धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो असे सांगणारे कोष्टक १६९९मध्येच छापले गेले होते, हेही तिला तिथेच समजले. पुढच्या परीक्षेत तिचा क्रमांक वगैरे आला नाही. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने विषय बदलला नाही.

ज्या विद्यार्थ्यांना अशीच चिंता आहे, त्यांनी ‘कळले’ या भावनेवर एकदम विश्वास ठेवू नये. चांगला शिक्षक समजावून सांगत असतो तेव्हा सगळेच सोपे वाटते, आणि ते वाटणे खोटे नसले तरी अपुरे असते. वही मिटून आकृती काढावी, अक्षांना नावे द्यावीत आणि ती रेषा तशी का आहे हे मोठ्याने, आपल्या बोलीत सांगून पाहावे. जिथे वाक्य तुटते ती जागा एका ओळीत लिहून ठेवावी आणि पूरक वर्गाला जाताना तीच ओळ घेऊन जावे. ‘मला लवचिकता समजत नाही’ हे अशा ओळीत चालणार नाही. ‘शेकडा बदल काढताना भागायचे जुन्या किंमतीने की नव्या, हे कळत नाही’ हे चालेल, कारण त्याला उत्तर देता येते.

पूरक वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की तिथे तेच व्याख्यान हळू आवाजात पुन्हा देऊ नये. तासाची सुरुवातीची काही मिनिटे विद्यार्थ्यांना बोलू द्यावे, चुकलेली आकृती फळ्यावर राहू द्यावी आणि ती कुठल्या विचाराने तशी निघाली हे विचारावे. यादी सूचनाफलकावर नापासांची म्हणून लावू नये. ज्याला यायचे आहे त्याला येऊ द्यावे. घरच्यांनीही ‘आर्ट्सलाच तर आहेस, त्यात काय अवघड?’ हे वाक्य टाळावे, कारण ते ऐकलेले मूल पुढची अडचण घरी सांगत नाही.

‘विषय बदलू का?’ याचे उत्तर मी पहिल्या भेटीत कधीच देत नाही. निदान सत्रभर अडलेल्या जागा लिहून, विचारून पाहाव्यात. त्यानंतरही मन दुसऱ्याच विषयाकडे ओढ घेत असेल, तर खुशाल बदलावा. परंतु झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो प्रश्न अभ्यासाचा राहिलेला नसतो आणि त्यासाठी सत्र संपण्याची वाट पाहायची नसते. अशा वेळी समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे लगेच जावे. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यविषयक सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतूनही बोलता येते.