पाट खणलास का?

पोरी,

तुझं पत्र चारदा वाचलं. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलंस, पुण्याला एम.एस्सी.चं ठरलं आणि त्याच वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, दादांचं दुखणं निघालं, प्रवेश गेला. तीन वर्षं झाली, साक्रीत झेरॉक्सच्या दुकानात बसतेस. हे मला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य मात्र झोप उडवून गेलं. ‘नाना, अडचणी माणसाला घडवतात म्हणतात, मग मी का नाही घडले?’

कारण अडचण कुणालाच घडवत नाही. पांझरा नदीवरचा फडाचा, म्हणजे सगळ्या गावानं मिळून पाणी वाटून घ्यायचा, बंधारा तू लहानपणापासून पाहतेस. ठेंगणी दगडी भिंत. तिनं नदी अडते, पाणी थोडं वर चढतं, बस्स. शेताला पाणी पाजतो तो पाट. पाटातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून वाफा. म्हणून तर दरवर्षी सगळा गाव मिळून पाटातला गाळ उपसायचा आणि पाळीनं पाणी सोडायला पाटकरी नेमायचा. पाटच नसला तर भिंतीमागं गाळ तेवढा साचतो. तुझ्या तीन वर्षांमागं काय साचलंय?

राग आला असेल. येऊ दे.

डाइकचं तूच मला समजावलं होतंस. आपल्या धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टमधून उभ्या गेलेल्या या काळ्या दगडी भिंती मी आयुष्यभर पाहिल्या, पण भेगा नसलेली डाइक जमिनीतलं पाणी अडवते, म्हणून वरच्या अंगाची विहीर भरलेली आणि खालची कोरडी राहते, हे तुझ्या तोंडून ऐकलं. मग मला सांग, वरच्या अंगाला कुणी विहीरच खणली नाही, तर ते अडलेलं पाणी कुणाच्या कामी आलं?

आता माझं ऐक. 1987 साली मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. जुने फड बंधारे एकेक करून मोजावेत, प्रत्येक चारीचं नाव, पाळीची रीत लिहून ठेवावी, असा प्रस्ताव मी वर पाठवला. ‘आवश्यकता नाही’ एवढा शेरा मारून फाइल परत आली. ती मी पत्र्याच्या पेटीत टाकली आणि पुढची 24 वर्षं त्या साहेबाला शिव्या देत काढली. रविवार माझे होते, सायकल होती, वही तर 5 रुपयांत मिळायची. कुणी अडवलं होतं? मी 2011 ला निवृत्त झालो तेव्हा वही घेऊन निघालो. ज्या म्हाताऱ्या पाटकऱ्याकडं पहिल्यांदा जायचं ठरवलं होतं, त्याच्या दारात पोहोचलो तो त्याचा दहावा होता. कुठल्या चारीला काय म्हणायचे, दुष्काळात शेवटच्या शेताला पाणी कसं पोचवायचे, ते सगळं त्याच्यासोबत गेलं. मुलगा म्हणाला, ‘नाना, बाबा तुमची वाट बघायचे.’

घरात तीन मुली, दर तीन-चार वर्षांनी बदली, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. नोकरी सोडणं शक्य नव्हतं आणि ती सोडली नाही यात माझं काही चुकलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण नोकरी सोड असं मला कुणी म्हणतच नव्हतं. रविवारी निघ, एवढंच होतं. आज तीन वह्या भरल्यात. त्या दहा भरायला हव्या होत्या.

आपल्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी कैद्यांपुढं गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजीही तिथंच कैदेत होते. ते बसून ऐकलेलं उतरवून घेत, म्हणून आज ते शब्द आपल्याला वाचता येतात. त्या तुरुंगाच्या भिंती सगळ्याच कैद्यांना सारख्या होत्या. गुरुजींनी त्या भिंतींआड पाट खणला.

तू विचारतेस, घर सोडू की एम.एस्सी.चा नाद सोडू. दोन्ही सोडू नकोस आणि हे पुन्हा विचारूही नकोस! दादांना दवाखान्यात न्यावंच लागेल, दुकानात बसावंच लागेल. पण तुझ्या गावात विहिरी आहेत. सरकारी भूजल विभाग ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून 4 वेळा मोजतो. तू गावातल्या दहा विहिरी दर अमावस्येला मोज. डाइकच्या वरच्या पाच, खालच्या पाच. एकेका विहिरीच्या वर्षाला 12 नोंदी. असा आकडा पुण्यातल्या किती पोरांच्या हाती असेल? प्रवेश पुढच्या वर्षी मिळो की चार वर्षांनी, ती वही बगलेत मारून जा. आणि पावसाळ्यानंतर सुरू करते असं म्हणू नकोस, मे महिन्यातली तळाची पातळी हुकली की वर्ष गेलं.

कठड्यावर ऑइलपेंटनं खूण कर, दर वेळी तिथूनच मोज. कठड्याची उंची वजा करायला विसरू नकोस. मोटर चालू व्हायच्या आत मोजायचं, नाहीतर खरी पातळी मिळत नाही. तेव्हा त्या आठवड्यात लाइट रात्रीची आहे की दिवसाची, ते वायरमनला विचारून ठेव. माझ्याकडं 30 मीटरचा टेप आहे, टोकाला शिसं बांधलेला. येत्या अमावस्येला पहाटे साडेपाचला फाट्यावर उभा राहतो. दादांना सांग, नानांनी बोलावलंय.

तुझा,
नाना