ग्रॅन टुरिस्मो ७ बद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का आहेत? आता घेण्यात अर्थ आहे का?

घ्या. हा प्लेस्टेशनवरचा गाड्यांच्या रेसचा गेम. पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि धड नेट असेल तर डोळे झाकून घ्या. पीएस४ असेल तर थोडं थांबून शेवटचं वाचा.

मतं टोकाची का, तर त्याला कारण आहे. गेम ४ मार्च २०२२ ला आला. दोन आठवडेही झाले नव्हते तोच १.०७ चं अपडेट आलं आणि सर्व्हर तीस तासांहून जास्त आडवे झाले. चालू झाले तेव्हा बऱ्याच रेसची बक्षिसं कापलेली. त्यात मॅक्लारेन एफ१ ची किंमत १ कोटी ८५ लाख क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे. म्हणजे एकतर तीच ती रेस मारत बसा, नाहीतर खिशातले खरे पैसे काढा. लोकांनी मेटाक्रिटिक या रेटिंगच्या साइटवर दणादण शून्यं टाकली, युजर स्कोअर २ च्या खाली गेला. गेमचे कर्तेधर्ते यामाउची, त्यांना माफी मागावी लागली, दहा लाख क्रेडिट भरपाई दिली आणि नंतर बक्षिसंही वाढवली. तुम्ही वाचलेल्या शिव्यांतल्या बऱ्याचशा त्या महिन्यातल्या आहेत आणि त्या रास्तच होत्या.

दुसरा गट म्हणतो, 'रटाळ आहे, गाडी ठोकायची मजाच नाही.' हे वाक्य मी नाशकात शाळेत असल्यापासून ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मामाच्या घराजवळ एका गाळ्यात गेम पार्लर होतं. चिप मारलेले पीएस२, तासावर पैसे, मेमरी कार्ड ज्याचं त्यानं आणायचं. माझ्या कार्डावर जीटी४ ची, म्हणजे याच मालिकेतल्या चौथ्या गेमची लायसन्स होती, एकेक टेस्ट घासून घासून पास केलेली. मामेभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं कार्ड रिकामं. तो फक्त माझ्याशी रेस लावायला यायचा, आणि ट्रॅक कायम एकच, स्पेशल स्टेज रूट ५. रात्रीचं शहर, दोन्ही बाजूंना भिंत. स्क्रीनचे दोन भाग, दोघांकडे निसान स्कायलाइन गाडी. मी वळणाआधी चौकोनाचं बटण दाबायचो. ते बटण जितकं दाबाल तितकाच ब्रेक लागायचा, त्यामुळे आधी पूर्ण, मग हळूहळू सोडत, गाडीचं नाक आत वळलं की पुन्हा एक्स, म्हणजे गॅसचं बटण. दादाचा अंगठा एक्सवरून हलायचाच नाही. गाडी सरळ भिंतीवर, भिंतीला घासत खर्रर्र करत वळण पार, आणि माझ्या पुढे! जीटी४ मध्ये गाडीला ना पोचा पडायचा ना ओरखडा, मग त्याला कसली भीती?

"बारक्या, ब्रेक चहाला थांबायचं असेल तेव्हा मारायचा," असं म्हणायचा. पार्लरवाले काका खो खो हसायचे. हरेल त्यानं पुढच्या तासाचे पैसे भरायचे हा नियमही दादाचाच. माझी भाऊबीज कुठे गेली हे आईला अजून माहीत नाही.

आता दादाकडे पीएस५ आहे आणि जीटी७ ही आहे. स्पोर्ट मोडमध्ये ऑनलाइन रेस लावली की तुमच्या नावापुढे दोन अक्षरं येतात. डीआर म्हणजे तुम्ही किती वेगवान, एसआर म्हणजे किती सभ्य. धडका मारल्या की एसआर घसरतो, वर सेकंदांची पेनल्टी. आणि एसआर घसरलेल्यांना तशाच लोकांबरोबर रेस मिळते. दादाच्या लॉबीत, म्हणजे त्याच्याबरोबरच्या रेसमध्ये, सगळेच दादा. पहिल्याच वळणावर पूर्ण घोळका मातीत. त्याचं म्हणणं, रेटिंगच गंडलेलं आहे. एकट्यानं खेळतानाही न धडकता रेस पूर्ण केली तर क्लीन रेस बोनस मिळतो. तो त्यानं बहुधा अजून पाहिलेला नाही.

कॉम्प्युटरच्या गाड्या मात्र खरंच मेंगळट आहेत, तिथे टीकाकारांशी मी सहमत. सगळ्यात मागून सुरुवात आणि पुढच्याला गाठेपर्यंत पाठलाग, याला रेस म्हणत नाहीत. उपाय म्हणजे सोफी. सोनीनं तयार केलेला हा एआय, त्याच्यावरचा पेपर २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. त्याला नुसतं वेगानं चालवायला नाही, तर दुसऱ्याला न ठोकता ओव्हरटेक करायलाही शिकवावं लागलं. (मशीनला जमतं. असो.) पण सोफी पीएस५ वरच, आणि तीही ठरावीक ट्रॅकवर.

राहिलेलं सांगतो. नेट बंद असेल तर या गेममध्ये फारसं काही करता येत नाही, सेव्हसुद्धा सर्व्हरवर असतो, तेव्हा नेट धड नसेल तर विसरा. पीएस४ वर गेम चालतो, पण पीएस५ च्या कंट्रोलरवर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारा ब्रेक) लागला की ब्रेकचं बटण बोटाखाली थरथरतं, त्यावरून कुठे सोडायचं ते कळतं. ते पीएस४ वर नाही. स्टीअरिंग व्हील लगेच घेऊ नका. रोज ४२ किलोमीटर चालवलं की लकी ड्रॉचं तिकीट मिळतं, त्यातून बहुतेक वेळा सगळ्यात छोटी रक्कमच निघते, जीव जाळू नका.

आणि ठोकाठोकीच हवी असेल तर फोर्झा होरायझन ५ हा दुसरा गाड्यांचा गेम घ्या, २०२५ पासून तो पीएस५ वरही मिळतो. कुंपणं तोडत गाडी शेतातून न्या, कोणी विचारत नाही. दादा हल्ली तोच खेळतो. मी स्पोर्ट मोडला बोलावलं की त्याचं नेट स्लो असतं.