अठरा पूर्ण झाल्यावर सही कुणाची?

प्रश्न : मुलगा बावीस वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता 75 टक्के. त्याच्या खात्यावर आजवर माझीच सही चालत होती, आता बँक ‘पालकत्वाचा कागद’ मागते. मी आई असूनही?

उत्तर : हो, आई असूनही. नैसर्गिक पालकत्व अठराव्या वर्षी संपतं, अपंगत्व कितीही असो. तुम्हाला राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 लागू होतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी तो आहे. अर्ज न्यायालयात नाही, जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिचे तीन सदस्य असतात.

अर्जाला अपंगत्वाचा दाखला, मुलाच्या वयाचा आणि दोघांच्याही पत्त्याचा पुरावा, फोटो आणि होणाऱ्या पालकाची लेखी संमती जोडा. वडील हयात असतील तर अर्ज दोघांनी मिळून करा. एक चूक फार जण करतात : अर्जात फक्त ‘सांभाळ’ लिहितात. मग प्रमाणपत्र मिळतं, पण बँकेत पुन्हा अडतं. सांभाळ आणि मालमत्ता दोन्ही लिहा. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी असं कायदा म्हणतो. म्हणजे एका कागदावाचून अर्ज मागे पडला की पुढची तिमाही. देण्याआधी संबंधित लिपिकाकडून कागद तपासून घेतलेले बरे.

प्रमाणपत्र हाती आलं की काम संपलं असं समजू नका. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची आणि देण्यांची यादी समितीला द्यायची, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, हिशेब. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. मालमत्तेची अफरातफर किंवा हेळसांड झाली तर पालकाला हटवता येतं. हिशेबच नसेल तर आरोप खोडायचा कशाने?

प्रश्न : बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. हेच प्रमाणपत्र तिच्यासाठी मिळेल का? आईच्या घरात तिचा हिस्सा आहे, तो विकायचा आहे.

उत्तर : नाही. मानसिक आजार राष्ट्रीय न्यास कायद्यात बसत नाही, आणि जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद असलेला 1987 चा कायदा आता रद्द झाला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार बहीण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. पण तो उपचारांपुरता. घराच्या व्यवहारात त्याच्या सहीला किंमत नाही.

मालमत्तेसाठी आधी एक पाहा : ती औषधांवर स्थिर आहे का? निदान झालं म्हणून सहीचा हक्क जात नाही. करार कायद्याच्या कलम 12 प्रमाणे एरवी आजारी असलेली व्यक्तीही मन ठिकाणावर असताना करार करू शकते. त्याच दिवसाचा मनोविकारतज्ज्ञाचा दाखला घ्या आणि खरेदीखतावर तिची स्वतःची सही होऊ द्या. मुखत्यारपत्राचा मोह टाळा. सही करताना तिला समजत नसेल तर ते मुळातच निरुपयोगी, आणि नंतर तिची मनःस्थिती पुरती ढासळली तर याच करार कायद्याच्या कलम 201 नुसार तिथेच संपतं.

आधार देऊनही तिला निर्णय घेता येत नसेल, तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 14 खाली मर्यादित पालकत्वासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करा. ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं असतं आणि निर्णय तिच्याशी बोलून, मिळून घ्यायचे असतात. अर्जात ‘सर्व अधिकार’ मागू नका, हा एक व्यवहार नेमका लिहा. विकत घेणारे तुम्हीच असाल, तर पालक मात्र दुसरा कुणी सुचवा.

प्रश्न : आमच्यानंतर स्वमग्न मुलीचा पालक म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला थोरला मुलगा चालेल का?

उत्तर : राष्ट्रीय न्यासाच्या नियमांत पालक भारताचा नागरिक असावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. इथला जवळचा नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पाहा. खर्चाची बाजू थोरल्याला खासगी विश्वस्तनिधीतून सांभाळता येईल. तो निधी तुमच्या हयातीतच करून ठेवा.