जगातले गुलाबी-निळे तलाव खरे असतात की फोटो एडिट केलेले? खरे असतील तर बघायला कुठे जावं?

खरे असतात. आणि बरं झालं विचारलंत, कारण २०२० पासून माझा आणि आमच्या मोठ्या साडूंचा हाच वाद चालू आहे.

मी कळंबोलीचा, नोकरी तळोजा एमआयडीसीत, एका कंपनीच्या लॅबमध्ये. आमच्या पट्ट्यात पाण्याला रंग दिसला की लोक आधी विचारतात कोणत्या कंपनीने सोडलं, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरत होती, फोटो तुम्हीही बघितले असतील. त्यामुळे जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं आणि फॅमिली ग्रुपवर फोटो आले तेव्हा साडूंनी लगेच निकाल देऊन टाकला, कोणीतरी केमिकल सोडलंय. अहो, लोणारच्या त्या विवरात कुठली आली एमआयडीसी? उल्का आपटून झालेला पावणेदोन-दोन किलोमीटरचा खड्डा, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही, नुसता खार साठत गेलेला. मी ग्रुपवर लिहिलं की पाणी आटलं, खारटपणा वाढला की त्यातच जगणारे सूक्ष्मजीव माजतात, रंग त्यांचा. त्यावर मला हसणाऱ्या इमोजी. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून तेच सांगितलं, हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव. आणि नमुना नुसता ठेवून दिला तर गुलाबी गाळ खाली बसून वरचं पाणी स्वच्छ झालं. विरघळलेला डाय असा खाली बसत नाही हो, हे तळोज्यातला शिकाऊ पोरगाही सांगेल. ती बातमी ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी वाचली, साडूंचं उत्तर अजून यायचंय.

नंतर समृद्धी झाल्यावर दोन्ही कुटुंबं लोणारला गेलो तर पाणी हिरवंगार. झालं! परतीच्या अख्ख्या रस्त्यात, धाब्यावर पिठलं-भाकरी खाताना सुद्धा, "काय, कुठे गेलं तुमचं गुलाबी?" पावसाचं पाणी मिसळलं की खारटपणा उतरतो आणि रंग जातो, हे ऐकून घ्यायची तयारीच नाही. आणि गंमत म्हणजे हाच माणूस दरवर्षी सीवूड्सला फ्लेमिंगोचे फोटो काढायला पहाटे उठून जातो, डीपीला पण फ्लेमिंगोच आहे. त्या पक्ष्यांचा गुलाबी कुठून येतो? खाण्यातून, शेवाळ आणि बारीक जीवांमधल्या कॅरोटिनॉइड रंगातून. म्हणजे सजीवांतून आलेला गुलाबी पक्ष्यात चालतो, पाण्यात चालत नाही!

असो, बाहेरचं सांगतो. ऑस्ट्रेलियातला हिलियर तलाव बारमाही गुलाबी म्हणून प्रसिद्ध होता, पण २०२२ च्या जोरदार पावसानंतर त्याचाही रंग उतरला, आणि तो बेटावर आहे, बहुतेक लोक विमानातूनच बघतात. अमेरिकेत यलोस्टोनचं ग्रँड प्रिझमॅटिक, मध्ये पाणी इतकं गरम की रंगीत थर तिथे टिकत नाही म्हणून निळं, कडेला जसं थंड होत जातं तसे वेगवेगळे जिवाणू, पिवळा, केशरी, तपकिरी. तिथलंच मॉर्निंग ग्लोरी कुंड मात्र लोकांनी नाणी आणि कचरा टाकून तोंड बुजवलं, पाणी थंड पडलं आणि निळ्याचं कडेने पिवळं-केशरी झालं. म्हणजे सुंदर रंग दिसला म्हणून सगळं ठीक असतंच असं नाही, हा मुद्दा साडूंच्या बाजूने लिहून ठेवतो. कोलंबियात कॅन्यो क्रिस्तालेस नदी, लाल रंग पाण्यातल्या वनस्पतीचा, साधारण जुलै ते नोव्हेंबर, आणि सनस्क्रीन लावून पाण्यात उतरू देत नाहीत. इंडोनेशियात केलिमुतू, एकाच डोंगरावर तीन विवरं, तिघांचे रंग वेगळे आणि बदलते, तिथे ज्वालामुखीच्या वायूंची करामत.

एडिटचं म्हणाल तर रंग वाढवलेले असतात बऱ्याच फोटोंत, ते खरं आहे. ग्रँड प्रिझमॅटिक तर जवळच्या फळ्यांच्या वाटेवरून नुसती वाफच दिसते, रंग बघायचे तर समोरच्या टेकडीवर चढा. घराजवळ हवं असेल तर वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम कुंड आहेत, पण रंग नाही हां. लोणारला जरूर जा, विवर आणि मंदिरांसाठी, गुलाबीच्या भरवशावर नको. आणि कोणी केमिकल-केमिकल करायला लागलं तर त्याला सांगा, एक बाटली भर आणि दोन दिवस हलवू नकोस.