फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी लोक) प्रवाशांनी इजिप्तच्या देवळांवर नावं कोरली, ते आपल्या गडांवर बदाम कोरण्यासारखंच होतं का?

असे लेख इजिप्तमधल्या अबू सिम्बेल आणि अबिडोस या दोन ठिकाणच्या देवळांत आहेत. अबू सिम्बेलपुरतं बोलायचं तर थोडंफार तसंच. अबिडोसचा मामला वेगळा आहे.

अबू सिम्बेलला कोरणारे हौशी प्रवासी नव्हते, भाडोत्री शिपाई होते. इ.स.पू. ५९०च्या आसपास फारो दुसरा साम्तिक याने इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियावर स्वारी केली, त्या फौजेत ग्रीक, कॅरियन (आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागातले) आणि फिनिशियन माणसं होती. वाटेत अबू सिम्बेलच्या देवळासमोर जुना फारो दुसरा रामसेस याचे वीस-वीस मीटर उंचीचे बैठे पुतळे लागले. तेव्हाच ते साडेसहाशे वर्षांचे जुने होते, म्हणजे या मंडळींच्या लेखीही ती पुरातन वास्तूच. दिसले पाय, कोरली नावं! ग्रीकांनी तर अख्खी हकिगत लिहिली: नदीने जाऊ दिलं तिथवर गेलो, परभाषकांचा सेनापती पोटासिम्तो, इजिप्शियनांचा अमासिस, आणि खाली कोरणाऱ्या दोघांची नावं. फिनिशियन त्या मानाने मितभाषी. बहुतेक ठिकाणी अमुक, तमुकचा मुलगा, की संपलं.

अबिडोस हे ओसायरिस या इजिप्शियन देवाचं क्षेत्र. तिथल्या फारो पहिला सेती याच्या देवळात लोक यात्रेला यायचे आणि भिंतीवर नाव कोरायचे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, फरशीवर लोक नाव घालून घेतात ना, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट. फरक एवढाच की इथे देणगीची पावती नाही.

तिथला एक फिनिशियन लेख माझा फार आवडता. मला या लिपीचा नाद आहे. २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. मोडी वाचताना ऱ्हस्वदीर्घ गेले म्हणून आपण कुरकुरतो, इथे स्वरच लिहीत नाहीत! लेखाची सुरुवात आलेफ, नून, काफ या तीन अक्षरांनी होते. अर्थ: ‘मी’. पुढे नाव, प-आल-उबस्त (उच्चार अंदाजे, कारण तेच, स्वर नाहीत). बापाचं नाव सिद-यातोन, म्हणजे सिद देवाने दिलेला. आजा गेर-सिद. मग ‘टायरचा’, म्हणजे आजच्या लेबनॉनमधल्या सूरचा, आणि राहणार इजिप्तमधल्या ओनचा. ओन म्हणजे कैरोजवळचं हेलिओपोलिस.

आता नावं पुन्हा वाचा. आजा आणि बाप दोघांच्या नावात फिनिशियन देव. मुलाच्या नावात मात्र उबस्त, म्हणजे इजिप्तची मांजरमुखी बास्तेत देवी. पोराच्या बारशाला घरचा देव सोडून मुक्कामाच्या गावची देवी घेतली, आणि तरी तो पोरगा मोठेपणी स्वतःला ‘टायरचा’च म्हणवतो! दुबईत जन्मलेल्या आपल्या भाच्याला गाव विचारा, ‘सातारा’ म्हणेल, तसंच.

फिनिशियन लोक पपायरसवर लिहायचे, ते बहुतेक सगळं कुजून गेलं. उरलं ते दगडावरचं. म्हणून अभ्यासकांना असली एकेक ओळ मोलाची वाटते.

असलं काही बघायला इजिप्तला जायलाच हवं असंही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मधले. बौद्ध लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी तारीख घातली आणि खाली सोबत्यांच्या नावांची यादी.