वाचकांचे प्रश्न : पेशींना रविवार नसतो

मागच्या अंकात ऑर्गन ऑन चिपबद्दल, म्हणजे माणसाच्या अवयवाच्या पेशी छोट्याशा चिपमध्ये वाढवून त्यांना अवयवासारखं वागायला लावण्याबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यातली चार घेतलीयत, बाकीच्यांनी रागावू नका. मी स्वतः अशा लॅबमध्ये काही वर्षं काढलीयत, त्यामुळे कुठे जास्तच बाजू घेतली असं वाटलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी एमेस्सीला आहे, प्रोजेक्टसाठी विद्यापीठातल्या ऑर्गन ऑन चिप लॅबला जाते. रविवारीही सकाळची लोकल पकडते, गणपतीत तर आरती अर्धवट टाकून गेली. विचारलं तर म्हणते, पेशींना खायला घालायचंय. हे खरं आहे का? — एक आई, डोंबिवली

काकू, शंभर टक्के खरंय, पोरीवर संशय घेऊ नका! पेशी ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये असतात आणि त्यांचं खाणं म्हणजे मीडिया, साखर, क्षार, अमिनो आम्लं वगैरे घातलेलं गुलाबी पाणी. ते साधारण एक दिवसाआड बदलावं लागतं, पेशींनी खाऊन खाऊन त्यात आम्ल सोडलं की रंग पिवळट होतो, आणि सोमवारी सकाळी पिवळं पाणी दिसलं की पोटात जो गोळा येतो ना तो मी आजही विसरले नाहीये.

आता चिप म्हणजे मोबाइलमधली नव्हे. पारदर्शक सिलिकॉन रबराचा खोडरबराएवढा तुकडा असतो, आत केसासारख्या बारीक नळ्या. २०१० मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी फुफ्फुसाची चिप दाखवली तेव्हापासून या विषयाचा गाजावाजा सुरू झाला. त्यात एकावर एक दोन नळ्या, मध्ये १० मायक्रॉन जाडीचा भोकाभोकांचा पडदा, पडद्याच्या वरच्या अंगाला फुफ्फुसाच्या पेशी आणि वर हवा, खालच्या अंगाला रक्तवाहिनीच्या पेशी आणि खालून वाहणारं द्रव. दोन्ही बाजूंना आणखी दोन पोकळ्या, त्यातली हवा खेचली की पडदा ताणला जातो, सोडली की परत जागेवर, म्हणजे श्वास! वरून बॅक्टेरिया सोडले तर खालच्या नळीतल्या पांढऱ्या रक्तपेशी पडद्यातून वर घुसून त्यांना गिळताना दिसल्या. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, खरंच.

पण एवढा खटाटोप कशाला, साध्या काचेच्या बशीत पेशी वाढतातच की? वाढतात, पण बशीत पडून राहिलेली पेशी आळशी होते हो. आतड्याच्या म्हणून वापरतात त्या काको-२ पेशी बशीत नीट तयार व्हायला सुमारे तीन आठवडे घेतात, त्याच चिपमध्ये वरून द्रवाचा प्रवाह आणि पोटासारखं आकुंचन-प्रसरण मिळालं की काही दिवसांत आतड्यासारख्या घड्या उभ्या राहतात. गावाकडून आलेला माणूस आठवडाभर विरार लोकलचे धक्के खाल्ले की कसा मुंबईकर होतो, तसंच काहीसं.

आणि वेळ नक्की कुठे जातो तर बुडबुड्यात. फ्रिजमधला गार मीडिया तसाच चिपमध्ये सोडला की गरम होताना त्यात विरघळलेली हवा बाहेर येते, एक बुडबुडा नळीतून सरकला की आठवडाभर जपलेल्या पेशी खरवडून घेऊन जातो. म्हणून मीडिया आधी कोमट करून घ्यायचा, तरीही बुडबुडा येतोच. तेव्हा काकू, लेक घरी येऊन नुसतं "बबल आला" म्हणाली तर त्या दिवशी काही विचारू नका, गरम वरणभात वाढा.

वडिलांचं लिव्हर खराब झालंय. चिपवरचं लिव्हर त्यांना बसवता येईल का? — भाईंदरहून एक वाचक

दादा, नाही. ही चिप शरीरात बसवायची वस्तू नाहीये, ती टेबलावर राहते आणि तिच्यात लिव्हर म्हणजे पेशींचा जेमतेम एखादा थर असतो, औषध टाकून काय होतं ते बघण्यापुरता. वडिलांसाठी लिव्हरच्या डॉक्टरांकडेच जा, आणि कुणी अशा नावाने पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग आता प्राण्यांवरचे प्रयोग बंद होणार का? — निवृत्त शिक्षक, गिरगाव

सर, दिशा तीच आहे पण "बंद" म्हणायची घाई नको. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच चाचणी हवी ही जुनी अट काढली, आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ऑर्गन ऑन चिपसारख्या पद्धतींना जागा मिळाली. त्याच सुमाराला, २०२२ मध्ये, एका अभ्यासात ८७० लिव्हर चिपवर २७ औषधं तपासली, त्यात लिव्हरला घातक असलेल्यांपैकी ८७ टक्के चिपने बरोबर पकडली आणि निरुपद्रवी औषधांपैकी एकालाही उगाच दोषी ठरवलं नाही. घातक निघालेल्यांत प्राण्यांच्या चाचण्या पास होऊन माणसांपर्यंत पोचलेली औषधंही होती, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. मात्र २७ म्हणजे २७च, तेही फक्त लिव्हर. सगळं शरीर काही एका चिपवर मावत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या क्षेत्रातले लोक जरा हळू आवाजात बोलतात. बहुतेक लॅबमध्ये मीडियात गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं सीरम घालतात, पेशी ज्यावर बसवतात तो एक जेल उंदराच्या गाठीपासून येतो. म्हणजे प्राणी प्रयोगातून गेला, बाटलीत उरला. सीरम नसलेले मीडिया निघालेत, पण महाग पडतात आणि सगळ्या पेशींना पटत नाहीत.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. बायोलॉजी दहावीनंतर सोडली. अशा लॅबमध्ये इंटर्नशिप मिळेल का? — भांडुप

अरे मिळेल, उलट तुझ्यासारख्यांचीच टंचाई असते! पेशींचा थर घट्ट झाला का ते त्याचा विद्युत रोध मोजून कळतं, ते सर्किट कुणीतरी नीट बनवायला हवं, पंप चालवायला हवा, मायक्रोस्कोपचे हजारो फोटो मोजायला कोड हवा. बायोलॉजीवाले सोल्डरिंग आयर्न बघून पळतात, मी पण पळायचे.

पहिले काही आठवडे पेशींना हात लावायला मिळणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. सिलिकॉन दहाला एक या प्रमाणात कडक करणाऱ्या द्रवात ढवळायचं, व्हॅक्यूममध्ये हवा काढायची, साच्यावर ओतून ओव्हनमध्ये भाजायचं, ब्लेडने कापायचं, भोकं पाडायची, प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने चेतवलेला वायू) देऊन लगेच काचेवर चिकटवायचं. रेंगाळलास तर चिकटत नाही. मग नळीत खायचा रंग सोडून गळतंय का बघायचं. माझ्या पहिल्या सातही चिप गळल्या होत्या, एप्रनवर केशरी डाग अजून आहेत.

मेलमध्ये "आय ॲम व्हेरी पॅशनेट" वगैरे लिहू नकोस, प्रोफेसर पुढचं वाचत नाहीत. घरी एखादा छोटा पंप बनव, एका तासात किती थेंब पडतात ते दहा वेळा मोज, आणि त्या दहा आकड्यांचा ग्राफ मेलला जोड.