आधी पप्पांना सांग

प्रिय बाळा,

परवा तू पप्पांना घेऊन कोपरखैरण्याला आमच्या घरी आलीस. पुण्याची कॉलेजं, कटऑफ, कॅप राउंड, सगळं भराभर सांगत होतीस. पप्पांनी एकदाच विचारलं, "कॅप म्हंजी काय गं?" आणि तू म्हणालीस, "राहू द्या पप्पा, तुम्हाला नाही कळणार." त्यावर ते काही बोलले नाहीत, तळहातावरचे घट्टे अंगठ्यानं चोळत बसले. तुझं लक्ष फोनमध्ये होतं. मी मात्र पाहिलं, कारण हेच वाक्य मी माझ्या वडिलांना ऐकवलंय.

तेही तुझ्या पप्पांसारखे माथाडीच, बाजारात पोती वाहणारे. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली मशीद बंदरहून वाशीला आला, तेव्हा टोळीबरोबर तेही इकडे आले. मी डिप्लोमाला होतो. एका रात्री माझ्या ड्रॉइंग शीटवर वाकून त्यांनी विचारलं, "हे कशाचं चित्र रं?" मी म्हणालो, "तुम्हाला काय कळणार." चित्र कप्पीचं होतं, बाळा. वजन कसं उचलायचं हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? त्यानंतर त्यांनी माझ्या अभ्यासाबद्दल एक शब्द विचारला नाही. फी मात्र कधी चुकली नाही. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी घरात असताना ते त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. आज ते नाहीत, आणि ते मला अजून सलतं.

पुण्याला जायचं हे तुझं पक्कं आहे आणि ते योग्यच आहे. पप्पांचा विरोध नाही. त्यांना भीती वाटते ती आकड्याची, कारण आकडाच त्यांना कुणी सांगितलेला नाही. आज रात्री वही घेऊन त्यांच्याजवळ बस. सांग, की २०२४ पासून सरकारनं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच, की घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, म्हणून कुणी एजंट "सीट देतो" म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र उरतो, तोही वहीत लिही. लपवू नकोस.

आता यात पप्पांशिवाय होणार नाही असं काम कोणतं, ते ऐक. उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलमधून मिळेल. पण जातीचा दाखला मूळ गावाकडचा लागतो, म्हणजे साताऱ्याकडच्या पाटणचा. त्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागेल. आजोबा कोणत्या वाडीच्या शाळेत होते, तिथलं जुनं रजिस्टर कुणाकडे आहे, हे तुझ्या फोनला ठाऊक नाही. पप्पांना ठाऊक आहे. दुसरं, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या मुलांना मिळतो. गावची ती पाऊण एकर जमीन, जिला तू "नुसतं गवत उगवतं" म्हणालीस, तिचा सातबारा इथे उपयोगी पडेल. सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर फॉर्म तू भर, कागद ते आणतील.

आईलाही शेजारी बसव. चार घरची पोळीभाजी करून साठवलेले पैसे कुठल्या डब्यात आहेत हे तिनं अजून तुम्हा दोघांनाही सांगितलेलं नाही, असा माझा दाट संशय आहे.

पाटणला पप्पांबरोबर तूही जा. शनिवारी रात्री निघालात तर रविवारी गावात माणसं घरी भेटतील, रजिस्टरचा पत्ता लागेल, आणि सोमवारी सकाळी कचेरी उघडताच तुम्ही दारात असाल. उशीर झाला तर मंगळवार उजाडेल आणि पप्पांचा आणखी एक खाडा होईल. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव.

तुझा,
काका